प्राध्यापक-संघटनेची घटना : सभासदत्व, सभा आणि इतिवृत्त

'घटना' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. घडलेली गोष्ट ही घटना, आणि एखाद्या संस्थेचा कारभार ज्या नियमांनी बांधला जातो तो लेखही घटनाच. प्राध्यापकांच्या विभागीय संघटनांचा विचार करताना बहुधा पहिल्या अर्थाकडे लक्ष जाते. मोर्चा, परीक्षेवरील बहिष्कार, शासनाशी झालेल्या वाटाघाटी यांची चर्चा होते. दुसऱ्या अर्थाची घटना मात्र निवडणुकीच्या वेळी किंवा फूट पडण्याची वेळ आली म्हणजेच कपाटातून बाहेर निघते. संघटनेचे चारित्र्य या दुर्लक्षित लेखात घडलेले असते. सभासद कोणाला म्हणावे, सभेला कोण पोहोचू शकतो आणि सभेत झालेले कशा शब्दांत नोंदवले जाते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून तिचा कारभार आकाराला येतो. या तीन प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. विभाग म्हणजे काय?

महाराष्ट्रातील प्राध्यापक-संघटनेचा 'विभाग' सामान्यतः विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राने ठरतो. संलग्न महाविद्यालयातील अध्यापकाचे जीवन मात्र एकाच सत्तेच्या हाती नसते. त्याची नेमणूक महाविद्यालय चालविणारी संस्था करते. त्या नेमणुकीस मान्यता विद्यापीठ देते. अनुदानित पदाचे वेतन राज्यशासनाच्या उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत येते. आणि पात्रतेचे निकष विद्यापीठ अनुदान आयोग ठरवितो. एकाच तक्रारीसाठी चार दारे ठोठवावी लागतात. संघटनेची रचनाही त्यामुळे स्तरबद्ध झाली. महाविद्यालयातील शाखा, विद्यापीठ पातळीवरील संघटना, राज्य पातळीवर 'एमफुक्टो' या नावाने परिचित असलेला महासंघ आणि त्याहीवर अखिल भारतीय महासंघ, असा हा क्रम आहे.

विद्यापीठाची सीमा बदलली की संघटनेचा विभागही प्रश्नांकित होतो. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. त्याचे विभाजन होऊन १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ निघाले आणि २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ आले. मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून १९९४ मध्ये नांदेडचे, तर शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून २००४ मध्ये सोलापूरचे विद्यापीठ निर्माण झाले. प्रत्येक विभाजनाबरोबर तेथील संघटनेपुढे एक पेच उभा राहतो. विद्यापीठामागोमाग आपणही विभागून जावे, की जुने ऐक्य आणि जुना निधी राखावा? विभागल्यास स्थानिक प्रश्नांना जवळचे व्यासपीठ मिळते. एकत्र राहिल्यास वाटाघाटीचे बळ टिकते. 'नुटा' या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या विदर्भातील संघटनेने नावात नागपूर विद्यापीठ कायम ठेवून विभाजनानंतरही अमरावतीच्या अध्यापकांना आपल्यातच ठेवले. असा निर्णय नेत्यांच्या इच्छेने घेता येत नाही. कार्यक्षेत्राचे कलम घटनेत कसे लिहिले आहे, यावर तो अवलंबून असतो.

२. पूर्वपरंपरा

आधुनिक महाराष्ट्राला संस्थात्मक कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकात मिळाली. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली, तेव्हा सभासद होण्यासाठी किमान पन्नास व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे कागदावर दाखविल्याखेरीज बोलण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व त्यामागे होते. प्रातिनिधिकतेची इतकी रोखठोक अट नंतरच्या फारच थोड्या संस्थांनी घातली.

याच सभेच्या इतिहासात दुसराही धडा आहे. १८९५ मध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळावर टिळकपक्षाचे वर्चस्व प्रस्थापित झाले आणि १८९६ मध्ये रानडे प्रभृतींनी डेक्कन सभा काढली. मतभेद विचारांचे होते, यात शंका नाही. तथापि पराभूत पक्षाला त्याच संस्थेत सन्मानाने राहता येईल अशी जागा न उरल्यामुळे मतभेदाचे रूपांतर विभक्तीत झाले, हेही नाकारता येत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे उदाहरण प्राध्यापकांना अधिक जवळचे आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत शिकविणारे आजीव सदस्यच कारभारी होते. आजीव सदस्याने संस्थेबाहेर मिळकत करावी की नाही, या व अशा प्रश्नांवरून झालेल्या वादात टिळकांनी १८९० मध्ये संस्था सोडली. सभासदाने संघाला काय द्यावयाचे आणि स्वतःकडे काय ठेवावयाचे, ही सीमारेषा आरंभीच स्पष्ट नसेल तर ध्येयनिष्ठ माणसांचाही सहवास टिकत नाही, हे त्यातून दिसते.

३. कायद्याची चौकट

प्राध्यापक-संघटनांपैकी काही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, तर काही १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली नोंदल्या गेल्या. पहिल्या मार्गाने जाणारी संस्था महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्याही कक्षेत येते. कार्यकारिणी बदलल्यास नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे बदल अर्ज दाखल करावा लागतो. दोन गटांनी परस्परविरोधी बदल अर्ज दाखल केले म्हणजे संघटनेचा कारभार वर्षानुवर्षे चौकशीत अडकतो. मूळ कायद्याच्या बाराव्या कलमानुसार संस्थेचे उद्दिष्ट बदलावयाचे तर विशेष सभेत तीनपंचमांश मते लागतात आणि महिन्याच्या अंतराने भरणाऱ्या दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच मतांनी ते कायम करावे लागते. हे अंतर अर्थपूर्ण आहे. क्षणिक आवेशात झालेला निर्णय महिनाभर शिळा होऊ द्यावा आणि मग पुन्हा तपासावा, अशी ही योजना आहे.

दुसऱ्या मार्गाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये 'उद्योग' या संज्ञेचा विस्तृत अर्थ लावून शिक्षणसंस्थांना तीत समाविष्ट केले. परंतु १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येप्रमाणे शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असा निर्णय दिला. म्हणजे शाळा उद्योग ठरली, पण तेथे शिकविणारा कामगार ठरला नाही. औद्योगिक न्यायाची वाट अशी अरुंद झाल्यावर प्राध्यापक-संघटनेचे बळ मुख्यतः सभासदांच्या एकमतावरच उरले. हे एकमत टिकविणे हा सर्वस्वी अंतर्गत कारभाराचा प्रश्न आहे.

४. सभासद कोण?

१८६० च्या कायद्याचे पंधरावे कलम सांगते की, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मत देण्याचा किंवा सभासद म्हणून गणले जाण्याचा अधिकार नाही. ही तरतूद वरकरणी हिशेबाची वाटते. निवडणुकीच्या तोंडावर तिचे खरे सामर्थ्य कळते. शाखेने गोळा केलेली वर्गणी कोषाध्यक्षाकडे वेळेत पोहोचली नाही, तर सबंध महाविद्यालय मतदारयादीबाहेर जाऊ शकते. म्हणून वर्गणीची पावती आणि मतदारयादी प्रसिद्ध करण्याची तारीख या गोष्टी पदाधिकाऱ्यांच्या सोयीवर न सोडता घटनेतच लिहिलेल्या असणे इष्ट होय.

याहून मूलगामी प्रश्न नावाचा आहे. मराठी समाज महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्रत्येकाला 'प्राध्यापक' म्हणतो. सेवापुस्तकाची भाषा वेगळी आहे. तेथे पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक अशा पायऱ्या होत्या; २०१० च्या आयोगाच्या नियमावलीनंतर सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक अशी नावे रूढ झाली. या दोन्ही श्रेणींत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्याला जागा नाही. वर्गात तो 'सर' असतो, उत्तरपत्रिका तपासतो, पर्यवेक्षण करतो. पण त्याचे मानधन तासांवर मोजले जाते आणि पुढील सत्राची शाश्वती नसते. घटनेतील सभासदत्वाच्या कलमात 'मान्यताप्राप्त पूर्णवेळ अध्यापक' एवढेच शब्द असतील, तर ज्याची गरज सर्वांत मोठी तो संघटनेच्या दाराबाहेर राहतो. त्याला 'सहयोगी सभासद' करून मताविना आत घेणे ही पळवाट होय. त्याचा प्रश्न मग ठरावात येतो, पण तो स्वतः सभेत नसतो.

अल्पसंख्य सभासदांसाठी संघटना किती किंमत मोजू शकते, याची कसोटी २०१३ मध्ये लागली. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमल्या गेलेल्या, नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न हे त्या वर्षीच्या परीक्षा-बहिष्काराचे एक प्रमुख कारण होते. ४ फेब्रुवारीला सुरू झालेला बहिष्कार उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मे महिन्यात मागे घेतला गेला. आंदोलकांचे त्या काळातील वेतन रोखले गेले आणि त्याचाही वाद न्यायालयात गेला. ज्यांची पात्रता वादातीत होती अशा अध्यापकांनीही त्यात भाग घेतला होता. विद्यार्थ्यांच्या निकालावर होणाऱ्या परिणामाचा विचार करता या मार्गाच्या औचित्याविषयी मतभेद संभवतात. मात्र इतरांसाठी स्वतःचे वेतन पणास लावण्यास सभासद तयार होतात ते आपले मत विचारले गेले आहे याची खात्री असली तरच, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

५. सभेचे अंतर

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सिंधुदुर्गापर्यंत आहे. सावंतवाडीहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी मुंबईतच भरली तर तिच्यावर मुंबईकरांचे बहुमत राहणार, आणि त्यासाठी कोणी कट करण्याची गरज नाही. अंतरच ते काम करते. गणपूर्तीची अट अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही. बहुतेक घटनांत एक परिचित तरतूद असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करावी आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवावी. तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नाही. सभा होऊच न शकण्याचा धोका टाळण्यासाठी ही सोय आवश्यक आहे. पण तिचा परिपाठ झाला की मूठभर उपस्थितांचा ठराव हजारोंच्या नावाने शासनदरबारी जातो.

दुसरे अपवादात्मक कलम 'अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयां'चे. एखादा शोकप्रस्ताव किंवा तातडीची नोंद यासाठी ते योग्यच आहे. मात्र वर्गणीवाढ, निधीची गुंतवणूक, महासंघाशी संलग्नता असे विषय ऐनवेळी आले तर सूचनापत्रिका वाचून घरी राहिलेल्या सभासदाची फसवणूक होते. 'ऐनवेळच्या विषयांत आर्थिक व घटनात्मक प्रश्न घेता येणार नाहीत' असे एक वाक्य घटनेत असले, तरी पुष्कळ अनर्थ टळतात. सभेचे स्थान जिल्ह्याजिल्ह्यांत फिरते ठेवणे, मतदान महाविद्यालयनिहाय घेणे आणि एकाच पदावर सलग किती मुदती राहता येईल याची मर्यादा घालणे, हे उपायही विचारार्ह आहेत. १९९४ च्या आणि २०१६ च्या, अशा दोन्ही विद्यापीठ कायद्यांनी अधिसभेवर अध्यापकांचे निर्वाचित प्रतिनिधी ठेवले. या निवडणुका संघटना लढवितात. त्यामुळे संघटनेचे पद ही उमेदवारीची पायरी बनण्याचा मोह असतो, आणि मुदतीच्या मर्यादेचे महत्त्व त्यानेही वाढते.

६. इतिवृत्त : एक गद्यप्रकार

सभा संपते आणि इतिवृत्त उरते. मराठीच्या अभ्यासकांनी या गद्यप्रकाराकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. त्याची क्रियापदे बहुधा कर्मणी असतात. 'चर्चा करण्यात आली', 'ठराव संमत करण्यात आला', 'खर्चास मंजुरी देण्यात आली'. या रचनेत कर्ता नाहीसा होतो. सूचक आणि अनुमोदक यांची नावे तेवढी राहतात. विरोध कोणी केला आणि कोणत्या कारणाने, हे 'साधकबाधक चर्चेअंती' या दोन शब्दांत विरून जाते. 'सर्वानुमते' आणि 'बहुमताने' यांतील अंतर लेखनिकाच्या लेखणीत पुसट होऊ शकते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला असतो, तो यासाठीच. पण त्या वेळी सभागृह अर्धे रिकामे असते.

इतिवृत्तात विरोधी मत नावानिशी व कारणासह नोंदविणे ही पराभूत पक्षाला संघटनेत ठेवणारी पहिली सवलत आहे. आपले म्हणणे नाकारले गेले तरी ते लिहिले गेले आहे, एवढ्या आधारावर माणूस पुढच्या सभेला येतो. 'नुटा'ने आपल्या बुलेटिनमधून सभेची सूचना, कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्त सभासदांपर्यंत पोहोचविण्याची प्रथा पाडली. छापलेले इतिवृत्त सावंतवाडीच्या किंवा गडचिरोलीच्या न आलेल्या सभासदालाही सभेचा साक्षीदार करते. अंतरावरचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

७. समारोप

प्राध्यापक वर्गात राज्यघटना शिकवितो, लोकशाहीवर व्याख्यान देतो आणि विद्यापीठाच्या मनमानीविरुद्ध निवेदन काढतो. त्याच्या स्वतःच्या संघटनेत हीच मूल्ये कितपत पाळली जातात, याचा पुरावा सभासदत्वाच्या व सभेच्या कलमांत आणि इतिवृत्ताच्या वहीत सापडतो. तासिका तत्त्वावरील अध्यापक मतदारयादीत आहे काय, दूरच्या महाविद्यालयाला सभा गाठता येते काय, आणि विरोध करणाऱ्याचे म्हणणे वहीत सापडते काय, ही तिची परीक्षा होय. एखाद्या महाविद्यालयीन शाखेने आपल्या संघटनेची घटना मागवून एका दुपारी ती एकत्र वाचली, तर या परीक्षेचा आरंभ होऊ शकतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तिलाही समासात टिपणे लिहिण्याची गरज आहे.