परिषदांनी घडविलेली व्याधीची व्याख्या

तद्विद्यसंभाषेचे महत्त्व चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात रस एक की असंख्य, यावर ऋषींनी भिन्न मते मांडली आणि पुनर्वसु आत्रेयांनी षड्रसांचा निर्णय दिला. अंतःस्रावी ग्रंथींच्या आधुनिक शास्त्राची वाटचालही अशाच विचारविनिमयातून झाली. या शास्त्रासाठी १९१६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संस्था १९५२ पासून एंडोक्राइन सोसायटी या नावाने ओळखली जाते.

अशा परिषदांचा रुग्णाशी असणारा संबंध पीसीओएसच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. १९३५ मध्ये शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांच्या निरीक्षणावरून हा लक्षणसमूह वर्णिला. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य व बीजोत्सर्गातील अनियमितता या दोन निकषांवर भर देण्यात आला. सोनोग्राफीला तेथे स्थान नव्हते. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे युरोप व अमेरिकेतील दोन प्रजननवैद्यक संस्थांनी बीजांडकोशाचे सोनोग्राफीतील स्वरूप हा तिसरा निकष जोडला. अन्य व्याधी वगळल्यावर तिन्हींपैकी कोणतेही दोन निकष पुरेसे ठरले. साहजिकच रुग्णांची कक्षा विस्तारली. २००६ मध्ये अँड्रोजेन एक्सेस सोसायटीने मात्र संप्रेरकांचे आधिक्य अनिवार्य मानले.

या मतभेदातून निघालेला सर्वांत उपयुक्त निर्णय किशोरींविषयी आहे. २०१८ व २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार त्यांच्यात अनियमित पाळी व पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य ही दोन्ही लक्षणे हवीत. प्रथम रजोदर्शनापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, कारण या वयात बीजांडकोशात अनेक पुटके दिसणे स्वाभाविक असते. पहिल्या वर्षी पाळी अनियमित असणे हा व्याधी नव्हे. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे चक्रही प्राकृतच मानले जाते.

तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा सोनोग्राफी अहवाल घेऊन चिंतातुर माता आपल्याकडे येते. अहवालातील एका ओळीवरून व्याधीचा शिक्का बसतो आणि औषधी दुकानातून बाटल्यांवर बाटल्या जाऊ लागतात. वंध्यत्वाचे भय त्या मुलीच्या मनात घर करते. उलट थायरॉइड वा प्रोलॅक्टिनची विकृती असल्यास तिकडे दुर्लक्ष होते.

नष्टार्तव किंवा काश्यपसंहितेतील पुष्पघ्नी जातहारिणी यांच्याशी या लक्षणसमूहाचे साम्य आपण जरूर अभ्यासावे. पण आपल्या संमेलनांत पीसीओएसवरील चिकित्सेचे यश मांडताना निदान कोणत्या निकषांनी केले, हे नमूद नसेल तर दोन वैद्यांच्या अनुभवांची तुलना होणार कशी? रुग्णपत्रिकेत वय, रजोदर्शनाचे वर्ष, चक्राचे दिवस, लोमाधिक्य, रक्ततपासण्या व स्वीकारलेले निकष यांची नोंद असावी. औषधी विक्रेत्यांनीही केवळ अहवाल पाहून औषध न देता रुग्णेस वैद्याकडे पाठवावे. आपल्या संघटनेने एवढा दंडक ठरविला, तरी अनेक निरोगी मुली अकारण रुग्ण ठरण्यापासून वाचतील.