बुडता बुडता तरंगणारा बोया

नदीच्या काठावर किंवा बंदराच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. गळाच्या दोरीला त्याने बुचाचा एक तुकडा अडकवलेला असतो. बूच पाण्यावर डुलत राहते आणि माणसाचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. बूच बुडाले की मासा लागला! या तरंगत्या तुकड्याला आपण बोया म्हणू.

आता एक प्रश्न. बोया कसा असावा? चांगला टणाटण तरंगणारा, की कसाबसा तरंगणारा?

तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील, ‘तरंगणे हेच त्याचे काम, तेव्हा चांगला तरंगणारा!’ पण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीच्या आसपासच्या खडकांवर उभे राहून ‘लुडरिक’ नावाचा मासा धरणारे लोक याच्या अगदी उलट सांगतील. ते आपले बोये घरी, हाताने बनवतात आणि ते जेमतेम तरंगतील, जरा अधिक वजन पडले की बुडतील, इतके काटेकोर जुळवतात. असे का, ते आज आपण पाहू या. त्यासाठी आर्किमिडीजचे तत्त्व आणि थोडे गणित एवढेच पुरे आहे.

शेवाळ खाणारा मासा

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. लुडरिकचे शास्त्रीय नाव ‘गिरेला ट्रायकस्पिडाटा’. १८२४ मध्ये क्वा आणि गेमार या दोन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘ट्रायकस्पिडाटा’ म्हणजे तीन टोकांचा. या माशाच्या दातांना तीन टोके असतात, त्यावरून हे नाव पडले. पूर्व व आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला तो सापडतो, तसाच न्यूझीलंडलाही सापडतो. तेथील माओरी लोक त्याला ‘पारोरे’ म्हणतात.

त्याच्या राखट-काळसर अंगावर गडद उभे पट्टे असतात. तोंड मात्र शरीराच्या मानाने लहान असते. त्याचे मुख्य अन्न म्हणजे खडकांवर वाढणारे हिरवे शेवाळ. उल्वा नावाचे पातळ, पानासारखे हिरवे शैवाल आपल्या कोकणातल्या खडकांवरही दिसते. त्याच जातकुळीतले शैवाल लुडरिकला आवडते. म्हणून गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावण्याऐवजी हे लोक शेवाळाची बारीक बट गळाभोवती गुंडाळतात. वाळूत कालवलेले चिरलेले शेवाळ ते पाण्यात टाकतात. वाळूच्या वजनाने ते खाली जाते आणि मासे त्या जागी जमतात.

आता विचार करा. दुसऱ्या माशांची शिकार करणारा मासा भक्ष्यावर झडप घालतो, कारण भक्ष्य पळून जाणार असते. शेवाळ कुठे पळणार? त्यामुळे शेवाळ खाणाऱ्याला घाई नसते. लुडरिक आमिष हलकेच ओठांत धरतो आणि सावकाश ओढतो. दोरीतून बोयापर्यंत पोहोचणारी ओढ अगदी थोडी असते. आमिष जड वाटले, अडखळले, तर तो ते तसेच सोडून देतो. म्हणजे बोयाला दोन कामे करावी लागतात : माशाची हलकी ओढ माणसाला दाखवायची आणि स्वतःचा विरोध माशाला जाणवू द्यायचा नाही.

दोन बोये आणि थोडे गणित

पाण्यात बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने लागते, हे आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. त्या बलाला प्लावक बल म्हणतात. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ ग्रॅम दर घ.सें.मी. असते.

पहिला बोया घेऊ : ३.४ सें.मी. व्यासाचा बुचाचा गोल, अर्धा पाण्यात व अर्धा बाहेर. पाण्याच्या पातळीवर त्याचा छेद सुमारे ९ चौ.सें.मी. आहे. त्याला आणखी १ मि.मी. खाली ओढायचे, तर सुमारे ०.९ घ.सें.मी. जादा पाणी बाजूला सारावे लागेल. म्हणजे सुमारे ०.९ ग्रॅम वजनाइतकी ओढ हवी. एवढे करून हालचाल दिसणार एक मिलिमीटर! उसळत्या पाण्यात ती कोणाला दिसणार?

आता दुसरा बोया. त्याचे बूच पूर्णपणे पाण्याखाली आहे आणि त्यातून वर आलेली ४ मि.मी. जाडीची काडी तेवढी पाण्याबाहेर डोकावते आहे. पाण्याच्या पातळीवरचा छेद आता केवळ काडीचा, म्हणजे ०.१२६ चौ.सें.मी. हा बोया पूर्ण १ सें.मी. खाली ओढायला किती बल लागेल? ०.१२६ × १.०२५, म्हणजे सुमारे ०.१३ ग्रॅम वजनाइतके. पाण्याच्या दोन-तीन थेंबांचे वजन तेवढे भरते!

दोन्ही छेदांची तुलना केली तर दुसरा बोया पहिल्याच्या सुमारे ७० पट संवेदनशील आहे. काडी पाण्याबाहेर दीड सें.मी. ठेवली, तर ०.१९ ग्रॅमच्या ओढीने बोया पूर्ण दिसेनासा होतो. बोया बुडण्यापूर्वी तो जेवढे जादा वजन पेलू शकतो, त्याला आपण ‘राखीव प्लावकता’ म्हणू. लुडरिकच्या बोयाचे सारे रहस्य ही राखीव प्लावकता कमीत कमी ठेवण्यात आहे.

ही युक्ती तुमच्या ओळखीची आहे. दुधाची परीक्षा करणारा दुग्धमापी आठवा. खाली जड गोळा, मध्ये फुगा आणि वर बारीक नळी. दुधात पाणी मिसळल्याने घनतेत पडणारा फरक फार लहान असतो. तो नजरेला दिसावा म्हणून नळी बारीक ठेवतात. दूधवाल्याचा मापक आणि सिडनीच्या खडकावरचा बोया, दोघांचे शास्त्र एकच!

बारीक काडीचा आणखी एक फायदा आहे. बुचाचा गोल पाण्यावर ढकलून सोडला तर भराभर डुचमळतो. २० ग्रॅम वजनाचा काडीचा बोया मात्र खाली-वर व्हायला सुमारे अडीच सेकंद घेतो. वाऱ्याने उठणाऱ्या बारीक लाटा त्यापेक्षा लवकर येऊन जातात, त्यामुळे त्यांच्याबरोबर तो फारसा नाचत नाही. पाण्यावर इतर सारे नाचत असताना काडी सावकाश खाली जाऊ लागली, तर समजावे की खाली मासा आहे.

बोया कसा बनवतात

बाटलीची बुचे, बाल्सासारखे हलके लाकूड, वेत किंवा बांबूची काडी हे त्याचे साहित्य. बूच कानशीने व काचकागदाने घासून लांबट, दोन्हीकडे निमुळते करतात आणि त्यातून काडी आरपार बसवतात. काडीच्या खालच्या टोकाला शिशाची तार किंवा पत्रा गुंडाळतात. वजन तळाशीच का? बोया उभा राहण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य प्लावक बलाच्या मध्याखाली असावा लागतो. वजन वर असेल तर बोया आडवा पडेल.

नंतर बोयाला व्हार्निशचे हात देतात. ते शोभेसाठी नव्हे. राखीव प्लावकता जर ०.१९ ग्रॅमच असेल, तर लाकडाने एवढे पाणी शोषले की माशाशिवायच बोया बुडायचा! शेवटी टोक नारिंगी किंवा पिवळे रंगवतात, म्हणजे ते दुरून दिसते.

बोया दोरीवर घट्ट बांधत नाहीत, तो दोरीवरून सरकता ठेवतात. दोरीवर वर एक छोटी गाठ मारतात. गळ पाण्यात पडला की दोरी बोयातून सरकत जाते आणि गाठ बोयाशी येऊन अडकते. अशा रीतीने गळ हव्या त्या खोलीवर थांबतो. गाठ लहान असल्याने दोरी गुंडाळताना ती काठीच्या कड्यांतून सहज निघून जाते. बोया पक्का बांधला असता, तर काठीपेक्षा जास्त खोलीवर गळ सोडताच आला नसता.

बादलीतला बोया समुद्रात का फसतो?

समजा, तुम्ही २० घ.सें.मी. पाणी बाजूला सारणारा बोया घरी नळाच्या पाण्यात जुळवला. काडी बरोबर दीड सें.मी. बाहेर आहे. आता तो समुद्रात टाका. काय होईल? समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के अधिक घन आहे, म्हणून तेच वजन पेलायला २० ऐवजी १९.५ घ.सें.मी. पाणी पुरते. उरलेल्या अर्ध्या घ.सें.मी.पुरती काडी पाण्याबाहेर येते. पण काडी इतकी बारीक, की त्यासाठी ती जवळजवळ ३.९ सें.मी. वर येते! बादलीत अचूक ठरलेला बोया समुद्रात बगळ्यासारखी मान उंच करून बसतो. त्याची राखीव प्लावकता ०.१९ वरून सुमारे ०.७ ग्रॅमवर जाते.

उलटही घडते. लुडरिक खाड्यांतही शिरतो. तेथे नदीचे गोडे पाणी मिसळलेले असते. समुद्रात जुळवलेला बोया तेथे चक्क बुडेल. म्हणून बोया ज्या पाण्यात वापरायचा, त्याच पाण्यात जुळवावा लागतो.

खडकाजवळची गंमत याहून निराळी. लाटा खडकावर आपटल्या की पांढरा फेस होतो. हा मासा अशा फेसाळ पाण्याजवळच चरत असतो. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेले हवेचे बुडबुडे. पाण्यात २ टक्के जरी बुडबुडे असले, तरी आपल्या बोयाचे प्लावक बल सुमारे ०.४ ग्रॅमने घटते. राखीव तर ०.१९ आहे! बोया गडप होतो आणि नवशिका झटका देतो. वर येतो तो रिकामा गळ. म्हणून खुल्या समुद्राच्या खडकांवर थोडा मोठा बोया व जाड काडी वापरतात. काडी ४ ऐवजी ६ मि.मी. केली की छेद सव्वादोन पट होतो. संवेदनशीलता तेवढी कमी होते, पण बोया टिकाव धरतो. शांत खाडीतला उत्तम बोया खडकावर उत्तम ठरत नाही, तो यामुळेच.

बोया आणि बोया पाहणारा

ज्या पाण्यात बोया तरंगतो, त्याच्या काठावर माणूस उभा असतो, हे विसरू नका. खडक शेवाळाने निसरडे असतात आणि बराच वेळ शांत असलेल्या समुद्रातून एकाएकी मोठी लाट येते. बोयावर नजर खिळलेल्या माणसाची समुद्राकडे बघण्याची सवय सुटते. अशा लाटांनी तेथे अनेकांचे बळी घेतले आहेत. न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये यासाठी कायदा केला आणि ठरावीक भागांत खडकावरून मासे धरताना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे केले.

या जाकिटाचे शास्त्र आपल्या बोयाचेच आहे, पण उलट बाजूने. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळपास असते. छातीत पूर्ण श्वास भरला तर तो जेमतेम तरंगतो. श्वास सोडला, किंवा फेसाळ पाण्यात सापडला, की बुडू लागतो. म्हणजे माणूस हाही फारच थोडी राखीव प्लावकता असलेला बोयाच! जीवरक्षक जाकिटांतले साधे प्रकारही ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलोग्रॅम वजनाइतकी राखीव प्लावकता देतात. नाक-तोंड पाण्याबाहेर राहण्यास त्याने मोठी मदत होते. बोयाची राखीव प्लावकता कमीत कमी हवी आणि माणसाची जास्तीत जास्त! जाणते लोक खडकावर उतरण्यापूर्वी बराच वेळ दूर उभे राहून लाटा न्याहाळतात, आणि एकटे जात नाहीत.

शिकारीलाही मर्यादा आहे. तेथील नियमाप्रमाणे २७ सें.मी.हून लहान लुडरिक पुन्हा पाण्यात सोडावा लागतो.

करून पाहा

बाटलीचे एक बूच व खराट्याची एक सरळ काडी घ्या. काडी बुचातून आरपार घालून दोन्हींवर वितळलेल्या मेणाचा पातळ हात द्या. हे काम मोठ्या माणसांच्या मदतीने करा. काडीच्या खालच्या टोकाला तांब्याची तार गुंडाळा. शिसे विषारी असते, ते वापरू नका. उंच भांड्यात पाणी घेऊन, काडी दोन सें.मी. बाहेर राहील इतकी तार कमी-जास्त करा आणि पातळीवर खूण करा. आता दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राचे पाणी साधारण एवढेच खारट असते. काडी किती वर आली, ते मोजा. मग तशीच जाड काडी घालून दुसरा बोया करा व दोन्हींची तुलना करा.

शेवटी एक कोडे. काडी आणखी बारीक, अगदी सुईसारखी केली, तर बोया आणखी संवेदनशील होईल. मग मासे धरणारे लोक तसे का करत नाहीत? वर सांगितलेल्या मीठ, फेस आणि ओल्या लाकडाच्या हकिकती पुन्हा वाचा. उत्तर त्यांतच आहे.