‘पर्यंत’चे दोन वाटेकरी

मराठीतल्या ‘पर्यंत’चे काम इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘टिल’ वाटून घेतात. ‘शुक्रवारपर्यंत पैसे देतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’ यांतला ‘पर्यंत’ मराठी कानाला एकच लागतो. इंग्रजीत मात्र पहिले वाक्य ‘आय विल पे बाय फ्रायडे’ आणि दुसरे ‘आय विल वेट टिल फ्रायडे’ असे होते. पैसे देणे एकदाच घडते. ते मंगळवारी उरकले काय किंवा शुक्रवारी संध्याकाळी उरकले काय, मुदत पाळली गेली. थांबणे मात्र सलग चालू राहते आणि शुक्रवारी संपते. ‘पासून’मुळे ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्यात होणाऱ्या गफलतीची ही सख्खी बहीणच. जर्मन भाषकही इथेच अडखळतात, कारण त्यांचा ‘बिस’ दोन्ही ठिकाणी चालतो.

खरी गंमत नकारात आहे. ‘शुक्रवारपर्यंत निकाल लागणार नाही’ या वाक्याचा अर्थ मराठी माणूस संदर्भावरून लावतो. इंग्रजीत तो बोलणाऱ्यानेच आधी ठरवायचा असतो. ‘द रिझल्ट वोन्ट बी आउट टिल फ्रायडे’ म्हणजे निकाल शुक्रवारी लागेल, त्याआधी नाही. ‘टिल’च्या जागी ‘बाय’ घातला की शुक्रवार सरला तरी निकाल हाती नसेल, असा अर्थ होतो. ऑफिसच्या ईमेलमध्ये एवढ्या एका शब्दाने तारखांचा घोळ होऊ शकतो.

एका वाचकाने पाठवलेल्या वाक्याला मात्र ऐसपैस जागा हवी. ते वाक्य असे: ‘वेट अनटिल ही डझन्ट कम.’ यामागचे मराठी वाक्य अगदी निर्दोष आहे: ‘जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत थांब.’ मराठी रचना न येण्याचा काळ मोजते, म्हणून तिला ‘नाही’ लागतो. ‘अनटिल’ तो काळ संपण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतो, आणि तो क्षण म्हणजे येणे. त्यामुळे ‘वेट अनटिल ही कम्स’ एवढेच पुरते. इथे ‘विल’ही नको, काळ भविष्यातला असला तरी.

‘अनटिल’मधला ‘अन’ हा ‘अनहॅपी’मधला नकारार्थी ‘अन’ आहे, ही समजूतही चुकीची. तो जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थही ‘पर्यंत’ असाच होता. ‘टिल’ हे ‘अनटिल’चे लघुरूप नव्हे, उलट तोच दोघांत जुना. ‘अनटिल’नंतर येणाऱ्या या जादा नकारावरचा सर्वांत चांगला उपाय मराठीतच आहे. ‘जोपर्यंत... नाही’ ही रचना मनात आली की ती आधी ‘तो येईपर्यंत थांब’ अशी करून घ्यावी. नकार तिथेच गळून पडतो आणि इंग्रजी वाक्य सरळ उतरते.

वेळ सोडून इतरत्र मात्र ‘टिल’ आणि ‘बाय’ दोघेही बाजूला राहतात. ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ याला ‘टिल द स्टेशन’ भारतात सर्रास ऐकू येते, पण ‘ॲज फार ॲज द स्टेशन’ अधिक सहज वाटते. ‘पन्नास माणसांपर्यंत’ म्हणजे ‘अप टू फिफ्टी पीपल’. आणि ‘आतापर्यंत तीन धडे झाले’ यातल्या ‘आतापर्यंत’ला ‘सो फार’ शोभतो.