तीव्रग्राहिता व तिची तातडीची चिकित्सा

बहुसंख्य व्यक्तींना ज्याचा विशेष उपद्रव होत नाही अशा एखाद्या पदार्थाविरुद्ध काही व्यक्तींच्या शरीरात अचानक उद्भवणाऱ्या, एकाच वेळी अनेक इंद्रियांना ग्रासणाऱ्या व प्रसंगी काही मिनिटांत प्राणघातक ठरणाऱ्या प्रतिक्रियेला तीव्रग्राहिता किंवा ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. अधिहर्षतेचा म्हणजे ॲलर्जीचा हा सर्वांत उग्र प्रकार होय. अंगावर पित्त उठणे, शिंका येणे यांसारख्या सौम्य प्रकारांत त्रास एखाद्या भागापुरता राहतो. तीव्रग्राहितेत मात्र श्वसन व रक्ताभिसरण ही जीवनावश्यक कार्येच धोक्यात येतात. योग्य औषध वेळेवर मिळाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणून या विकाराची ओळख केवळ वैद्यांनाच नव्हे, तर सर्वसामान्यांनाही असणे इष्ट आहे.

इतिहास : मोनॅकोचे राजपुत्र पहिले आल्बेर यांच्या जहाजावरील १९०१ च्या सफरीत शार्ल रीशे व पॉल पॉर्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी फायसेलिया या डंखधारी सागरी प्राण्याच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. विषाची अल्प मात्रा आधी दिल्यास प्राण्यात त्याविरुद्ध संरक्षण निर्माण होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटेच घडले. पहिली मात्रा सहज सोसलेल्या एका कुत्र्याला सु. तीन आठवड्यांनी पुन्हा अल्प मात्रा देताच धाप लागून व उलट्या होऊन तो अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. संरक्षणाच्या विरुद्ध अशी ही अवस्था असल्याने तिला त्यांनी १९०२ मध्ये ग्रीक शब्दांवरून ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले. या संशोधनाबद्दल रीशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲलर्जी ही संज्ञा ऑस्ट्रियन वैद्य क्लेमेन्स फोन पीर्के यांनी १९०६ मध्ये प्रचारात आणली. प्रतिक्रियेस कारणीभूत असणारा ‘ई’ वर्गाचा प्रतिपिंड मात्र १९६६–६७ या काळात अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. योगायोग असा की, ज्या सुमारास या विकाराचा शोध लागला त्याच सुमारास जोकीची ताकामीने यांनी अमेरिकेत अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आजही या विकारावरील प्रमुख औषध तेच आहे.

कारणे : अन्नपदार्थांपैकी शेंगदाणे, काजू, तीळ, अंडी, दूध, मासे व कोळंबीसारखे कवचधारी जलचर, औषधांपैकी पेनिसिलीन व तत्सम प्रतिजैविके, वेदनाशामके, भूल देताना वापरावयाची स्नायू शिथिल करणारी द्रव्ये व क्ष-किरण चित्रणासाठी टोचावयाची द्रव्ये, कीटकांपैकी मधमाशी व गांधीलमाशी यांचे दंश ही नेहमी आढळणारी कारणे होत. रबरी हातमोजे व क्वचित व्यायाम यांमुळेही विकार उद्भवतो. लशींमुळे तो अत्यंत विरळाच होतो, सु. दहा लाख मात्रांमागे एकदोन व्यक्तींत तो आढळतो. काही रुग्णांत कसून शोध घेऊनही कारण सापडत नाही.

घोड्याच्या रक्तरसापासून तयार केलेली प्रतिविषे हे भारतात महत्त्वाचे कारण आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे बहुगुणी प्रतिविष सर्पदंशावरील एकमेव निश्चित औषध होय. परंतु त्यातील परकीय प्रथिनांमुळे काही रुग्णांत तीव्र प्रतिक्रिया उमटते. कोकणासारख्या प्रदेशातील प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावर उपचार करणाऱ्या वैद्याला एकाच वेळी विषाशी व प्रतिविषाच्या प्रतिक्रियेशी सामना द्यावा लागतो, तो यामुळेच.

विकृतिविज्ञान : प्रतिजनाशी पहिल्यांदा संपर्क आल्यावर संवेदनशील व्यक्तीत ‘ई’ वर्गाचे प्रतिपिंड तयार होतात व ते ऊतकांतील मास्ट कोशिका आणि रक्तातील क्षारकरागी कोशिका यांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. या अवस्थेत व्यक्तीला कोणताच त्रास नसतो. तोच प्रतिजन पुन्हा शरीरात आला की, तो या प्रतिपिंडांना जोडला जाऊन कोशिकांतील कण फुटतात आणि हिस्टामीन, ट्रिप्टेज इ. द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्या प्रभावाने रक्तवाहिन्या विस्फारतात, केशवाहिन्यांच्या भित्तींतून द्रव ऊतकांत झिरपतो व श्वसनीचे स्नायू आकुंचन पावतात. उग्र रुग्णांत दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतील द्रवाचा सु. एक-तृतीयांश भाग बाहेर पडू शकतो. जखम किंवा रक्तस्राव नसतानाही रक्तदाब कोसळून अवसाद होतो, तो यामुळे. प्रतिविषे व क्ष-किरण चित्रणाची द्रव्ये यांसारखे काही पदार्थ ‘ई’ प्रतिपिंडांवाचून अन्य मार्गांनीही या कोशिकांना उद्दीपित करतात. त्यामुळे पूर्वी कधीही संपर्क न आलेल्या व्यक्तीतही पहिल्याच मात्रेनंतर विकार उद्भवू शकतो. प्रतिविष देण्यापूर्वी त्वचेत थेंबभर टोचून घेतलेली परीक्षा निरुपयोगी ठरते, याचे कारण हेच आहे. शिवाय तीत अमूल्य वेळ वाया जातो.

लक्षणे : संपर्कानंतर काही मिनिटांपासून सु. दोन तासांपर्यंत लक्षणे सुरू होतात. प्रथम तळहात, तळपाय व टाळू यांना खाज सुटते, अंग लाल होते, गांध्या उठतात आणि ओठ, पापण्या व जीभ यांना सूज येते. घशात काही अडकल्यासारखे वाटणे, आवाज घोगरा होणे, श्वास घेताना घर्‌घर्‌ आवाज येणे ही स्वरयंत्राच्या शोफाची चिन्हे असून ती गंभीर मानली जातात. छाती आवळल्यासारखी वाटून दम लागतो. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब होतात. नाडी जलद व क्षीण होते, भोवळ येते आणि शेवटी शुद्ध हरपते. ‘आता काहीतरी विपरीत घडणार’ अशी भीती पुष्कळ रुग्ण सुरुवातीलाच बोलून दाखवतात. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. दहा ते वीस टक्के रुग्णांत त्वचेवर काहीही दिसत नाही, म्हणून गांध्या नाहीत एवढ्यावरून हा विकार नाही असे समजणे धोक्याचे असते.

ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९८ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासात हृदयक्रिया बंद पडण्यास शिरेतून दिलेल्या औषधानंतर सर्वसाधारणपणे ५ मिनिटे, कीटकदंशानंतर १५ मिनिटे व अन्नसेवनानंतर ३० मिनिटे लागल्याचे दिसून आले. उपचारास किती अल्प अवधी मिळतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

निदान : तातडीच्या प्रसंगी निदान केवळ लक्षणांवरून करावे लागते. प्रतिक्रियेनंतर पहिल्या काही तासांत घेतलेल्या रक्तातील ट्रिप्टेजचे प्रमाण वाढलेले आढळल्यास नंतर निदानास पुष्टी मिळते. तथापि या परीक्षेसाठी उपचार थांबवीत नाहीत. सुई टोचल्यावर भीतीने येणारी मूर्च्छा हिच्यापासून तीव्रग्राहिता वेगळी ओळखणे आवश्यक असते. साध्या मूर्च्छेत चेहरा पांढरा पडतो, नाडी मंद असते, गांध्या किंवा दम नसतो आणि आडवे निजविताच रुग्ण सावरतो. सह्याद्रीतील गडकिल्ल्यांवर आग्या मधमाश्यांनी हल्ला केल्यास शेकडो दंशांतील विषाच्या प्रमाणामुळेच व्यक्ती अत्यवस्थ होऊ शकते. याउलट संवेदनशील व्यक्तीला एकच दंश पुरेसा होतो. मधमाशीचा काटा त्वचेत रुतून राहिल्यास तो कोणत्याही प्रकारे पण त्वरित काढावा.

चिकित्सा : ॲड्रेनॅलीन हेच पहिले व मुख्य औषध होय. ते विस्फारलेल्या रक्तवाहिन्यांचे आकुंचन करून रक्तदाब वाढविते, श्वसनी रुंदावते, स्वरयंत्राचा शोफ कमी करते, हृदयाला बळ देते आणि मास्ट कोशिकांतून आणखी द्रव्ये बाहेर पडण्यास अटकाव करते. एकाच औषधात हे सर्व गुण असणारे दुसरे द्रव्य उपलब्ध नाही. १ मिलि. मध्ये १ मिग्रॅ. असलेला विद्राव मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचतात. मात्रा वजनाच्या दर किग्रॅ. ला ०·०१ मिग्रॅ. असते, म्हणजे २० किग्रॅ. वजनाच्या मुलास ०·२ मिलि. आणि प्रौढास जास्तीत जास्त ०·५ मिलि. सुधारणा न झाल्यास ५ ते १५ मिनिटांनी तीच मात्रा पुन्हा देतात. मांडीच्या स्नायूत दिलेले औषध रक्तात सु. ८ मिनिटांत कमाल प्रमाणात पोहोचते, तर त्वचेखाली दिल्यास त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, असे मुलांवरील अभ्यासात १९९८ मध्ये आढळले. त्यामुळे त्वचेखाली टोचण्याची जुनी पद्धत आता त्याज्य ठरली आहे. हेच औषध शिरेतून एकदम दिल्यास हृदयाचे ठोके घातक रीतीने अनियमित होण्याचा संभव असतो. म्हणून तो मार्ग फक्त तज्ञांनी, हृदयावर सतत लक्ष ठेवून वापरावयाचा असतो. स्नायूतून योग्य मात्रेत दिल्यास थोडी थरथर, धडधड व डोकेदुखी यांपलीकडे सहसा त्रास होत नाही. तीव्रग्राहितेत ॲड्रेनॅलीन मुळीच देऊ नये अशी कोणतीही अवस्था नाही. औषधाच्या भीतीपेक्षा ते देण्यातील विलंबच अधिक जीव घेतो.

रुग्णाची स्थितीही तितकीच महत्त्वाची असते. त्याला उताणे निजवून पाय वर उचलून ठेवतात. दम लागत असल्यास पाय लांब करून बसू देतात, गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर निजवितात व उलटी होत असलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळवितात. रुग्णाला अचानक उभे करणे किंवा चालविणे यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटून तत्काळ मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नमूद आहेत. रुग्णालयात ऑक्सिजन, शिरेतून लवण विद्राव (प्रौढास प्रारंभी ५०० ते १,००० मिलि.), श्वसनी रुंदावणारी औषधे व जरूर पडल्यास श्वासनलिकेत नळी घालणे हे उपाय योजतात. हृदयविकार किंवा रक्तदाब यांसाठी बीटा-रोधक औषधे घेणाऱ्या रुग्णांत ॲड्रेनॅलीनचा अपेक्षित परिणाम न झाल्यास ग्लुकॅगॉन देतात.

हिस्टामीनविरोधी औषधांनी खाज व गांध्या कमी होतात. परंतु श्वासमार्गाचा अडथळा किंवा अवसाद त्यांनी दूर होत नाही. स्टेरॉइडांचा परिणाम दिसण्यास काही तास लागतात. ही दोन्ही औषधे देऊन ॲड्रेनॅलीनसाठी वाट पाहणे, ही चिकित्सेतील सर्वांत घातक चूक समजली जाते. लक्षणे ओसरल्यावरही सु. वीसांपैकी एका रुग्णात काही तासांनी ती पुन्हा उद्भवतात. म्हणून रुग्णाला काही तास, उग्र विकारात एक दिवसभर, देखरेखीखाली ठेवतात.

प्रतिबंध : एकदा तीव्रग्राहिता झालेल्या व्यक्तीने कारण निश्चित करून घ्यावे, ते कसोशीने टाळावे आणि बाधक औषधाचे नाव लिहिलेले पत्रक जवळ बाळगावे. मात्रा आधीच भरलेले स्वयंचलित ॲड्रेनॅलीन अंतःक्षेपक अमेरिकेत १९८७ पासून मिळतात. नाकात फवारावयाच्या ॲड्रेनॅलीनला तेथे २०२४ मध्ये मान्यता मिळाली. जेथे अशी साधने मिळत नाहीत तेथे वैद्याच्या सल्ल्याने ॲड्रेनॅलीनची कुपी व पिचकारी जवळ ठेवून घरच्या माणसांनी ती वापरण्यास शिकणे हा पर्याय उरतो. मधमाशी व गांधीलमाशी यांच्या शुद्ध विषाच्या क्रमाने वाढत्या मात्रा टोचून संवेदनशीलता कमी करता येते. १९७८ मध्ये अमेरिकेतील चाचणीने ही पद्धत प्रभावी ठरविली. श्रीलंकेतील सु. एक हजार सर्पदंश रुग्णांच्या अभ्यासात (२०११) प्रतिविषापूर्वी त्वचेखाली दिलेल्या ॲड्रेनॅलीनच्या अल्प मात्रेने (०·२५ मिग्रॅ.) उग्र प्रतिक्रिया लक्षणीय प्रमाणात घटल्या, हायड्रोकॉर्टिसोन व प्रोमेथॅझीन यांचा तसा उपयोग झाला नाही. येथे त्वचेखालील मात्रा प्रतिबंधापुरती असून उपचारासाठी स्नायूचाच मार्ग वापरतात.

लस किंवा अंतःक्षेपण घेतल्यावर अर्धा तास तेथेच थांबण्याची सूचना देतात, ती याच विकारासाठी. अशा प्रत्येक ठिकाणी ॲड्रेनॅलीनची मुदत न संपलेली कुपी, पिचकारी आणि वयानुसार मात्रांचा तक्ता हाताशी असावा लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या दूरध्वनी क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. परंतु वाडीवस्तीपर्यंत वाहन पोहोचण्यास लागणारा वेळ आणि या विकारात मिळणारा अवधी यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. त्यामुळे पहिली मात्रा रुग्ण जेथे असेल तेथेच मिळणे, यावर त्याचे जीवित बव्हंशी अवलंबून असते.