तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रविवारी नात्यातली एक बहीण नवऱ्याला घेऊन सांगलीला आमच्या घरी आली. नवरा गवंडी, वय 38. सातारा जिल्ह्यात कामावर जाताना कराडजवळ हायवेवर जीपने त्याला ठोकरले होते. मिरजेत ऑपरेशन झाले, कोपरात प्लेट बसली. पण डावा हात पुरता वाकत नव्हता. चहाचा कप तसाच ठेवून बहीण म्हणाली, "दादा, विमा कंपनी अडीच लाख देते म्हणते. घेऊन मिटवून टाकू का? सावकाराचं व्याज चढतंय."

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ पायाची केस घेऊन माझ्याकडे आले होते. "मिळतंय ते घ्या, कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवता?" असे मी मोठ्या शहाणपणाने सांगितले. लोकअदालतीत त्यांनी सही केली. पुढच्याच वर्षी पाय चिघळला, दुसरे ऑपरेशन करावे लागले आणि दाद मागायला जागाच उरली नाही. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, असे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. मी ते वाचले नव्हते. ते गृहस्थ मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त टोचते.

हे केवळ गरिबाच्या एकट्या केसमध्ये घडते असे नाही. भोपाळच्या वायुकांडाबाबत 1989 साली 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम अपुरी म्हणून केंद्र सरकार स्वतः सुप्रीम कोर्टात गेले. मार्च 2023 मध्ये कोर्टाने ती मागणी फेटाळली. एकदा मिटले ते मिटले.

म्हणून त्या दिवशी आम्ही सतरंजीवर कागद पसरले आणि तीन प्रश्न मांडले.

दुखणे संपले का? प्लेट अजून हातातच होती. ती काढायची की नाही, हात किती सुधारेल, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. जखम पुरी भरून अपंगत्वाचा दाखला मिळेपर्यंत नुकसान किती हेच कळत नाही. न कळलेल्या नुकसानीची किंमत ठरवायची कशी?

हाताचे काम कोणते? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नेमके हेच सांगितले आहे. डावा हात तुटला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाऊ शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. मी स्वतः कारकून आहे, म्हणून मला हे पटकन पटले. गवंडी थापी उजव्या हाताने चालवतो, पण वीट डाव्या हातानेच उचलतो. दाखल्यावरचे टक्के आणि बुडालेली कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेब काय सांगतो? महिन्याला 12,000 रुपये कमाई धरली. स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी 40 टक्के जास्त धरतात, झाले 16,800. वर्षाचे 2,01,600. कमाई 30 टक्के बुडाली असे मानले तर वर्षाला 60,480. वय 36 ते 40 असेल तर याला 15 ने गुणायचे, हे कोष्टक 2009 च्या सरला वर्मा निकालातले. उत्तर आले 9,07,200. दवाखान्याचा खर्च आणि सोसलेल्या वेदना वेगळ्याच.

मग अडीच लाख आले कुठून? मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली, कोणाची चूक सिद्ध न करता, गंभीर दुखापतीला तेवढी रक्कम मिळते. चूक कोणाची हे सांगायला साक्षीदार नसेल, तर ती मोठा आधार आहे. पण त्या कलमाखालची रक्कम मान्य केली की मोठा दावा तिथेच संपतो. आमच्या केसमध्ये पोलिसांचा पंचनामा जीपवाल्याच्या विरुद्ध होता.

"पण नाही म्हटलं तर केस बुडेल ना?" बहिणीने विचारले. बुडत नाही. तडजोड जमली नाही तर केस पुन्हा न्यायाधिकरणापुढे चालते आणि मंजूर रकमेवर दाव्याच्या तारखेपासून व्याजही मिळू शकते. मात्र मुळात दावा दाखल करायला उशीर नको. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. अपघात सातारा जिल्ह्यात झाला तरी राहणारा सांगलीचा असेल तर दावा सांगलीत करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

वकिलाची भीती नको. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर आपणा बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जातीचा दाखला घेऊन जावे. आणि मिळालेल्या रकमेत टक्का मागणाऱ्या वकिलाला विचारावे, हे तुमच्या बार कौन्सिलच्या नियमात बसते का? बसत नाही.

याचा अर्थ तडजोड वाईट असा नव्हे. उपचार संपले, कमाईचा पुरावा लंगडा, घरात कर्ज, पुढे हायकोर्टात अपिलाची शक्यता. अशा वेळी थोडे कमी घेऊन मोकळे होणे शहाणपणाचेच. त्या दोघांनी अडीच लाख नाकारले. सावकाराचे व्याज भागवायला बहिणीने दोन घरची धुणीभांडी धरली. ते दिवस कठीण गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. प्लेट निघाली, दाखला मिळाला आणि यंदाच्या लोकअदालतीत सव्वासहा लाखांवर त्यांनी सही केली. नऊ लाख मिळाले नाहीत, कारण कमाईचा पुरावा म्हणजे मुकादमाची एक फाटकी वही. पण कुठे किती सोडले, ते ती बहीण आज पै-पैने सांगू शकते.

आपल्या वस्तीत असा प्रसंग आला तर एवढेच करा. कंपनीच्या माणसाला सांगा, "विचार करून सांगतो." घरी या, दिवा लावा, नवरा-बायको दोघे मिळून हिशेब मांडा. मग सही करा, नाहीतर करू नका. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून करू नका, माझ्यासुद्धा.