छर्रा सुटण्याआधीच हलणारी बंदूक
स्प्रिंगच्या एअर रायफलीतून अचूक नेम साधणे अवघड का असते?

जत्रेत फुगे फोडण्यासाठी ठेवलेली छऱ्याची बंदूक आणि ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवून देणारी रायफल, या दोहोंनाही आपण 'एअर रायफल' असेच म्हणतो. दोन्हींमध्ये दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा बाहेर पडतो. परंतु ही हवा कधी आणि कशी दाबली जाते, यात मोठा फरक आहे आणि अचूकतेचे सारे गणित त्या फरकावर अवलंबून आहे.

अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंग येथे सुवर्णपदक पटकाविले, गगन नारंग यांनी २०१२ मध्ये लंडन येथे कांस्यपदक मिळविले आणि ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे विश्वविजेते ठरले. १० मीटर एअर रायफल प्रकारातील या यशामागे जी आधुनिक रायफल आहे, तिच्या टाकीत हवा आधीच दाबून भरलेली असते. अशा रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. त्यामुळे नेमबाजीची हौस असणाऱ्या अनेकांच्या हाती प्रथम येते ती तुलनेने स्वस्त, स्प्रिंग आणि पिस्टनवर चालणारी रायफल.

तेथेच निराशेचा पहिला अनुभव येतो. काळजीपूर्वक नेम धरूनही छर्रे लक्ष्यावर विखुरतात. नवशिका एक तर बंदुकीला दोष देतो, नाही तर आपला हातच स्थिर नाही असे समजून खेळ सोडून देतो. बहुतेक वेळा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात.

बंदुकीच्या आत काय घडते?

स्प्रिंग रायफलीत दाबलेली हवा साठविलेली नसते. साठविलेली असते ती नेमबाजाच्या हाताची ताकद. नळी मोडून किंवा बाजूचा दांडा ओढून तो आतील भक्कम स्प्रिंग दाबतो आणि पिस्टन मागे अडकतो. ट्रिगर ओढताच पिस्टन वेगाने पुढे झेपावतो, समोरची हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते आणि एका लहान छिद्रातून छऱ्याच्या मागे पोहोचते. छर्रा जागचा हलतो तो पिस्टनची धाव संपत आल्यावरच.

म्हणजेच छर्रा हलण्यापूर्वी बंदुकीच्या पोटातील एक जड वस्तू पुढे गेलेली असते. क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमानुसार रायफल त्या वेळी मागे सरकते. पिस्टन पाव किलोचा, त्याची धाव ८० मिलिमीटरची आणि उरलेली रायफल साडेतीन किलोची मानली, तर मोकळी ठेवलेली रायफल पाच ते सहा मिलिमीटर मागे जाईल. लगेच दाबलेल्या हवेच्या उशीवर पिस्टन थबकतो आणि रायफलीला उलट, पुढच्या दिशेने धक्का बसतो. हा दुहेरी धक्का चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो.

हे सारे सुमारे सेकंदाच्या शंभराव्या भागात घडते. माणसाला एखाद्या घटनेला प्रतिसाद देण्यासाठी साधारणपणे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. त्यामुळे धक्का जाणवल्यावर तो सावरणे कोणालाही शक्य नाही.

पकड सैल का हवी?

धक्का बसणारच असेल तर बंदूक घट्ट आवळून धरावी, असे सहज वाटते. स्प्रिंग रायफलीत हाच विचार घातक ठरतो. हाताचा दाब प्रत्येक वेळी तंतोतंत सारखा ठेवता येत नाही. दाब बदलला की बंदुकीच्या हालचालीचा मार्ग बदलतो आणि छर्रा बाहेर पडताना नळीचे तोंड प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला असते.

हा बदल किती लहान असला तरी चालतो? नळीचे टोक खांद्यापासून एक मीटरवर आहे असे मानू. खांद्याच्या आधाराने ते केवळ अर्धा मिलिमीटर बाजूला झाले, तर १० मीटरवर छर्रा सुमारे पाच मिलिमीटर भरकटतो. ऑलिम्पिकच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व पटते.

म्हणून अनुभवी नेमबाज पुढचा हात केवळ आधारासाठी ठेवतात. रायफल उघड्या तळव्यावर विसावते, बोटे तिला आवळत नाहीत आणि दस्ता खांद्याला हलकेच टेकतो. अमेरिकेतील एअरगनविषयक लेखक टॉम गेलॉर्ड यांनी या पद्धतीला तोफेची उपमा देऊन ती लोकप्रिय केली. तोफ जशी आपल्या गाड्यावर मोकळेपणाने मागे सरकू दिली जाते, तशीच रायफलही हलू द्यावी, असे हे तत्त्व. हालचाल थांबविणे हा हेतू नसून ती दर वेळी एकसारखी होऊ देणे हा आहे. टणक टेबलावर टेकविलेली स्प्रिंग रायफल हातात धरलेल्या रायफलीपेक्षा वाईट नेम साधते, त्याचे कारणही हेच. टणक पृष्ठभागावरून ती उसळते.

धक्क्यावर जर्मन उतारा

या समस्येवर जर्मन कारागिरांनी यंत्रातूनच उत्तर शोधले होते. डायना या नावाने बंदुका बनविणाऱ्या कंपनीने कुर्ट गिस यांच्या रचनेनुसार दोन पिस्टन वापरले. एक पुढे जात असताना दुसरा मागे जातो आणि दोन्ही धक्के एकमेकांना छेद देतात. फाइनवेर्कबाऊ कंपनीने आपल्या ३०० मालिकेच्या रायफलीत नळी व यंत्रणा रुळांवर बसविली. ट्रिगर ओढताच हा भाग दस्त्यापासून मोकळा होऊन मागे सरकतो आणि खांद्याला धक्का जवळजवळ जाणवत नाही.

पुढे हवा अगोदरच दाबून ठेवणाऱ्या रायफली आल्या आणि स्पर्धेच्या मैदानातून स्प्रिंग मागे पडली. तरीही फील्ड टार्गेट या मोकळ्या जागेतील खेळाच्या जागतिक स्पर्धेत स्प्रिंग रायफलींसाठी स्वतंत्र गट आहे. हे आव्हान म्हणूनच स्वीकारणारे नेमबाज आजही आहेत.

दोष नेमका कोठे?

विखुरलेल्या छऱ्यांचे कारण शोधताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. छर्रे एकमेकांजवळ परंतु मध्यापासून दूर पडत असतील, तर साईट सरकविल्याने प्रश्न सुटतो. छर्रे सर्वत्र पसरत असतील, तर साईटला हात लावून उपयोग नाही. दोन-तीन छऱ्यांवरून निर्णय घेणेही फसवे असते. दहा छर्रे मारून मगच निष्कर्ष काढावा.

पकडीनंतर पाहावेत ते दस्त्याचे स्क्रू. सततच्या धक्क्यांनी ते सैल होतात. त्यानंतर छऱ्यांची निवड. एकाच मापाचे, परंतु निरनिराळ्या बनावटीचे छर्रे एकाच नळीतून वेगवेगळी कामगिरी करतात आणि त्याचा उलगडा प्रत्यक्ष चाचणीतूनच होतो. पिस्टनसमोर जादा तेल गेल्यास तप्त हवेत ते पेट घेते आणि छऱ्याचा वेग अनियमित होतो. छर्रा न भरता ट्रिगर ओढल्यास पिस्टनला हवेची उशी मिळत नाही व तो पुढे आदळून सील किंवा स्प्रिंग खराब होऊ शकते. दुर्बीण बसवायची असल्यास ती पुढच्या दिशेचा धक्का सोसणारी हवी; साध्या दुर्बिणी या उलट्या धक्क्याने निकामी होतात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा सुधारणा कशाने झाली हे कळत नाही.

सुरक्षिततेचे नियम येथेही तितकेच कडक आहेत. लक्ष्यामागे छर्रा अडविणारा भक्कम अडथळा असावा, नळी कधीही माणसाकडे वळवू नये आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवावेत.

कठोर, पण प्रामाणिक शिक्षक

आधीच भरलेल्या हवेच्या रायफलीत छर्रा नळीतून चटकन निघून जातो आणि नेमबाजाच्या लहानसहान चुका झाकल्या जातात. स्प्रिंगची रायफल ही सवलत देत नाही. ट्रिगर झटक्याने ओढला, गाल दस्त्यावर जरा वेगळ्या जागी टेकला, किंवा छर्रा सुटला असे समजून मान लवकर वर उचलली, की कागदावर त्याची नोंद होते. ट्रिगर ओढल्यानंतरही क्षणभर तसेच स्थिर राहणे, ही नेमबाजीतील मूलभूत शिस्त ती पहिल्याच दिवशी शिकवू लागते.

म्हणूनच महागडे साधन परवडत नसलेल्या मुलाने किंवा मुलीने हिरमुसण्याचे कारण नाही. विखुरलेले छर्रे हा पात्रतेवरील निकाल नव्हे. बंदुकीला तिच्या पद्धतीने हलू देण्याची आणि प्रत्येक वेळी तेच, तसेच करण्याची सवय लागली, की तीच रायफल छर्रे एका जागी आणू लागते. ती सवय पुढे कोणतीही रायफल हाती आली तरी उपयोगी पडते.