गोड चालीत दिलेला धक्का

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर डझनभर पुणेरी ब्राह्मण एका रांगेत उभे असतात. मृदंगाच्या ठेक्यावर झुलत ते गणपतीचं स्तवन गात असतात. गणपती नाचतो, सरस्वती येते, लक्ष्मी येते. प्रेक्षागृह प्रसन्न होतं. महाराष्ट्राला सर्वांत जास्त हादरवणाऱ्या नाटकांपैकी एकाची सुरुवात इतकी मंगल आहे!

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. कथा पेशवाईतली. कनोजहून आलेल्या घाशीरामावर पुण्यात चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मारहाण करून हाकलून देतात. सूडाने पेटलेला हा माणूस स्वतःची मुलगी गौरी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग सारं शहर त्याच्या जाचाखाली येतं.

हे सगळं नुसतं सांगितलं असतं तर प्रेक्षकाने हळहळून नाटक सोडून दिलं असतं. तेंडुलकरांनी केलेली योजना थक्क करणारी आहे. ती ब्राह्मणांची रांग म्हणजेच नाटकाचं नेपथ्य. ती क्षणात भिंत होते, क्षणात पडदा, क्षणात रस्त्यावरची गर्दी. आपल्याकडे पाठ करून ती उभी राहिली की पलीकडे काहीतरी झाकलं जात आहे हे आपल्याला कळतं. गुन्हा लपवायला इथे लाकडाच्या किंवा कापडाच्या आडोशाची गरजच नाही, प्रतिष्ठित माणसंच आडोसा होतात! समाज अत्याचारावर पांघरूण कसं घालतो, हे एकही वाक्य न उच्चारता डोळ्यांना दिसतं.

दुसरी किमया संगीताची. भक्तीचा गजर चालू असतानाच लावणी शिरते, कीर्तनातून कलावंतिणींच्या बावनखणीत कधी पोचलो ते समजत नाही. गणपतीच्या मूर्तीसमोरच नाना गौरीच्या मागे लागतो. आपला पाय मात्र ठेका धरूनच असतो, आणि आपण कशाला ताल दिला हे उशिरा उमगतं. जालीम औषध मधातून चाटवावं तसा हा धक्का आपल्याला दिला जातो. जीभ गोडीला भुलते आणि औषध पोटात जातं.

शेवट तर विलक्षण आहे. जमाव घाशीरामाला ठार करतो. (खरा घाशीराम 1791 मध्ये पुण्यात असाच दगडांनी मारला गेला.) पण ज्याने त्याला घडवलं आणि वापरून झाल्यावर फेकलं, तो नाना तसाच सत्तेवर राहतो आणि उत्सवाची आज्ञा देतो. पुन्हा नाच, पुन्हा गाणं.

हे पचणं सोपं नव्हतं. नाटकाने नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची बदनामी केली, असा गदारोळ उठला आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. कलावंत बाहेर पडले, 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं केलं. 1980 मध्ये ते युरोपात पोचलं. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असं तेंडुलकर सांगत राहिले. घाशीराम कोणत्याही काळात निर्माण होतात, आणि त्यांना निर्माण करणारे हात स्वच्छच राहतात, हे त्यांना दाखवायचं होतं.

म्हणूनच चिथावणारी कला पारखताना ती किती मोठ्याने ओरडली हे पाहू नये. आरडाओरड्याची सवय लवकर होते. आपल्याला आनंदात सामील करून घेऊन त्या आनंदाचाच जाब विचारणारी कला मात्र जुनी होत नाही. ‘घाशीराम’ तशी कलाकृती आहे. ते वाचलं नसेल तर जरूर वाचा, आणि प्रयोग लागला तर चुकवू नका.